नळाचा खर्च आणि पाण्याचा हिशेब

(व्याख्यानाचा संपादित अंश)



राष्ट्राचे उद्दिष्ट ठरविणे हे संकल्पाचे काम, तर त्याची किंमत मोजणे हे विवेकाचे. आज एकाच उद्दिष्टाचा हिशेब आपण मांडू.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी केवळ ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. मिशनसाठी ३ लाख ६० हजार कोटी रुपयांचा अंदाज धरण्यात आला; उरलेल्या घरांमागे सरासरी साडेबावीस हजार. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात १५ कोटी घरांपर्यंत नळ पोहोचल्याचे सांगून मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. डोक्यावर हंडे वाहणाऱ्या मातृशक्तीच्या दृष्टीने ही उपलब्धी लहान नव्हे.

परंतु नळाचा खर्च एकदाचा असतो, पाण्याचा रोजचा. माणशी ५५ लिटर हे मिशनचे प्रमाण. पाच माणसांच्या घराला वर्षाकाठी एक लाख लिटर आणि २०० घरांच्या गावाला दोन कोटी लिटर पाणी लागेल. ते येणार कोठून? उन्हाळ्यात विहीर आटली की एक खाते टँकर धाडते, दुसरे भलत्याच नाल्यावर बंधारा बांधते आणि पंपाचे वीजबिल थकून राहते. प्रत्येक खात्याचा अंदाज आपल्यापुरता अचूक असतो. राष्ट्राची बेरीज मात्र चुकते.

म्हणूनच मे २०१९ मध्ये जलसंपदा आणि पेयजल ही दोन मंत्रालये एकत्र करून जलशक्ती मंत्रालय स्थापन झाले, हे पाऊल मोलाचे होते. मिशनच्या ग्राम आराखड्यातही उद्भवाची शाश्वती, पुरवठा, सांडपाणी आणि देखभाल यांचा एकत्रित विचार अपेक्षित आहे. गावांतर्गत कामांच्या खर्चात सर्वसाधारणपणे १० टक्के लोकवर्गणीही अभिप्रेत आहे. जे आपल्या घामाचे, त्याची काळजी माणूस घेतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे आचरणात आणले. पाऊस आणि भूजल मोजून तेथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. आधी पिण्याचे पाणी, मग शेतीचे.

पंडित दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. समाज हा सुट्या भागांची गोळाबेरीज नसून एक सजीव देह आहे, हे त्याचे सार. मग त्याच्या विकासाचा हिशेब खात्याखात्यांत तुकडे करून कसा लागेल?

येत्या ग्रामसभेत आपण उभे राहून तीनच प्रश्न विचारावेत : आपले पाणी किती, गरज किती आणि देखभालीचा पैसा कोठून? त्यांची उत्तरे एकाच कागदावर आली, की राष्ट्राचा अंदाज खरा ठरू लागेल.