आधी बघा, मग निवडा



दसरा सरला, की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात.
आई-बाप फडावर. पोरं गावात, आजीपाशी.
"दहावीनंतर काय करू?" हे विचारायचं कुणाला?

पोरांनो, आयटीआय बघा.
वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडना आठवी पासही चालते.
पुढं कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते.
काम हाताखालून जातं, विद्यावेतनही मिळतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला.
शर्यतीत धावायला तो तिथंच लागला.
२०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचं रौप्य मिळवलं.
काम करता करताही वाट सापडते, ती अशी.

म्हणून पुन्हा सांगते.
आधी बघा, मग निवडा.
आई-बाबांनो, फॉर्म भरण्याआधी आयटीआयची कार्यशाळा एकदा दाखवून आणा.
मुलाला, आणि मुलीलाही.