दिल्लीतील करार आणि कोकणातील नाते

(डोंबिवली येथील व्याख्यानाचा मजकूर)



सप्टेंबर २००३मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन भारतात आले. इस्रायली पंतप्रधानाची ती पहिलीच भारतभेट. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने त्यांचे दिल्लीत स्वागत केले, मैत्री व सहकार्याचे निवेदन प्रसिद्ध झाले, करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या. पुढचा मुक्काम मुंबईचा होता. परंतु ९ सप्टेंबरला इस्रायलमध्ये आत्मघाती बॉम्बस्फोट झाले आणि शेरॉन यांना दौरा आवरता घ्यावा लागला. मुंबई राहून गेली. राजनैतिक हिशेबात ही किरकोळ बाब ठरते. पण या दोन देशांच्या नात्याचा उगम ज्या भूमीत आहे, नेमकी तीच पाहुण्यांना पाहता आली नाही.

ती भूमी डोंबिवलीकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. येथून धीम्या लोकलने निघालेला माणूस ठाणे ओलांडतो. तेथे १८७९ साली उभारलेले यहुदी प्रार्थनामंदिर आजही आहे. पुढे शेवटून दुसरे स्थानक लागते ते मस्जिद. हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून पडले, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक तेथे जवळच १७९६ साली बांधलेले, मुंबईतील सर्वांत जुने यहुदी प्रार्थनामंदिर आहे. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि स्थानकाचे नाव त्यावरूनच आले, असे मानले जाते. ते बांधणारे समाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतील अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून सुखरूप सुटल्यावर त्यांनी ते उभारले, असे परंपरा सांगते. नाव पाहा: समाजी हसाजी दिवेकर! यहुदी धर्म आणि कोकणी माती यांची अशी सरमिसळ जगात अन्यत्र क्वचितच आढळेल.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि वाचलेली काही कुटुंबे कोकणात स्थिरावली, ही बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा. ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत, मात्र शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवारतेली’ हे नाव दिले. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, चेऊलकर. प्रेषित एलियाहूच्या नावे पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा करण्याची त्यांची प्रथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या धर्मग्रंथातील कथांवर मराठीत कीर्तने रचली. साज सगळा हरिदासी. युरोपात यहुद्यांच्या वस्त्या जाळल्या जात असता, येथे त्यांना धर्मासाठी कोणी छळल्याची नोंद नाही. यासाठी कोणत्याही करारावर स्वाक्षरी झाली नव्हती.

शासकीय पातळीवर मात्र संकोचच संकोच. भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० रोजी, पण राजदूतांची देवाणघेवाण करण्यास बेचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात मुंबईत इस्रायलचा केवळ वाणिज्य दूतावास होता. १९७७ साली मोशे दायान हे इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोरारजीभाईंना भेटण्यासाठी आले, ते ओळख लपवून! अखेर २९ जानेवारी १९९२ रोजी नरसिंह राव यांच्या सरकारने पूर्ण संबंध प्रस्थापित केले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

या काळात कोकणातील घरे रिकामी होत होती. मराठी यहुदी मोठ्या संख्येने अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद येथे जाऊन वसले. मैत्रीच्या भाषणांत सहसा न येणारा एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. १९६२च्या सुमारास तेथील प्रमुख धर्मपीठाने या समाजाच्या विवाहांविषयी शंका उपस्थित केली. तुम्ही खरे यहुदी कशावरून, पूर्वजांचे दाखले द्या, असा तो प्रश्न होता! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा थांबवला, त्यांच्यापुढे ही कसोटी ठेवली गेली. त्यांनी मान खाली घातली नाही. जेरुसलेममध्ये धरणे धरले, उपोषणे केली. भारतातून शिकून नेलेले हे शस्त्र तेथे कामी आले. ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठणकावून सांगितले.

जुलै २०१७मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी इस्रायलला गेले. तेथे जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. तेल अवीवमधील सभेत त्यांच्यापुढे बसलेल्यांत याच समाजाची मोठी संख्या होती. सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे पत्र मिळेल, ही तेथील घोषणा. या घोषणेचे मोल संरक्षण-सौद्यांहून कमी लेखू नये. तत्पूर्वी २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला होता. तोवर देशभरात ते पाच हजारांच्या आत आले होते.

जानेवारी २०१८मध्ये बेंजामिन नेतन्याहू आले. जेरुसलेमच्या प्रश्नावर भारताने संयुक्त राष्ट्रसंघात विरोधी मत देऊन महिनाही लोटला नव्हता. तरीही दौरा झाला. मैत्री म्हणजे होयबागिरी नव्हे, हे उभय देशांना उमगले होते. दिल्लीत तीनमूर्ती चौकाच्या नावात हैफा जोडले गेले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी ते शहर जिंकणाऱ्या भारतीय घोडदळाची ती स्मृती. १८ जानेवारीला पाहुणे मुंबईत पोहोचले. नरिमन हाऊसमध्ये त्यांच्यासोबत मोशे होल्ट्झबर्ग होता. २६/११च्या हल्ल्यात आईवडील गमावलेल्या या दोन वर्षांच्या बाळाला त्याची भारतीय दाई सँड्रा सॅम्युअल हिने छातीशी धरून बाहेर काढले होते. इस्रायलने तिला पुढे मानद नागरिकत्व दिले.

शेरॉन यांची राहून गेलेली मुंबई अशी पंधरा वर्षांनी घडली. इस्रायलमधील मराठी मंडळी ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक चालवीत आली, पण त्यांच्या नातवंडांची भाषा हिब्रू आहे. आडनावे तेवढी पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी राहिली आहेत. त्या गावांची वाट विचारत त्यांच्यातला एखादा तरुण उद्या ठाण्याच्या फलाटावर उतरला, तर त्याला पेणची गाडी कोठून सुटते, हे सांगणारा माणूस बहुधा डोंबिवलीचाच असेल.