परगावची माणसे आणि फुटबॉल
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या वाशीम जिल्ह्यात कुस्ती-कबड्डीपुढे फुटबॉल तसा पोरकाच. तथापि शिक्षण व नोकरीनिमित्त पुण्यास गेलेल्या आपल्या तरुणांनी फुटबॉल-संघासाठी मंडळाकडे साहाय्य मागितले आहे आणि 'खेळाडू केवळ ज्ञातीतील असावेत' अशी अट ठरावात घातली गेली आहे. तिजविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर लायन्स यांनी आणला, असे मानतात. पुढे पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांबरोबर त्याची गोडीही गेली. धोबीतलावाच्या आसपास त्यांचे 'कूड' असत. एकेका गावाचा एकेक. खलाशी, आचारी, वादक तेथे अल्प भाड्यात राहत व सायंकाळी एकत्र प्रार्थना करीत. जहाजावरून उतरलेल्या माणसास परक्या शहरात आपले गाव सापडे. (वसतिगृहासाठी देणगी देताना हात आखडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.)

मूळचा आसगावचा नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटा, कॅलटेक्स या संघांतून खेळला. ते संघ कोणा एका गावाचे वा ज्ञातीचे नव्हते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर त्याने तीन गोल केले. असे करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला व स्पर्धेत चौथे स्थान मिळविले.

त्याच मेलबर्नमध्ये क्रोएशियन स्थलांतरितांनी १९५३ साली आपला क्लब काढला. ग्रीकांचे दोन क्लब व एक स्थानिक क्लब मिळून १९५९ साली 'साउथ मेलबर्न हेलास' उभा राहिला. एकाकी माणसांस या क्लबांनी आधार दिला, हे निर्विवाद होय. परंतु मायदेशाची वैरेही मैदानात उतरली, प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्या आणि १९९० च्या दशकात तेथील फुटबॉल-संघटनेने क्लबांस वांशिक नावे व चिन्हे टाकावयास लावली.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की वसतिगृहात ज्ञातीतील मुलांचा अग्रहक्क असू द्यावा. गरीब पालकांस त्याची निकड आहे. मैदानावर मात्र ही अट नको. मंगरूळपीरचा उत्तम गोलरक्षक अन्य ज्ञातीचा निघाला, तर काय चेंडू जाळीत जाऊ द्यावयाचा? दुरुस्ती आम्ही चिटणिसांकडे लेखी दिली आहे; दुपारच्या बैठकीत ती मतास टाकावी, ही विनंती.