आमच्या थोरल्या काकू



आमच्या थोरल्या काकू गतवर्षी स्तनाच्या कर्करोगाने निवर्तल्या. काकांच्या मागे त्यांनी अठरा माणसांचा संसार सांभाळला. दारी आलेल्या सावकारास हिशेब दाखवून परत पाठविले. हळदीकुंकवास विधवांना मानाने बोलाविले. कोणासही न भिणाऱ्या काकूंनी स्तनातील गाठ मात्र लाजेपोटी वर्षभर लपविली. परळच्या टाटा रुग्णालयात नेले, तेव्हा रोग यकृतात पसरला होता. अखेरीस सुनांना जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "माझा धीर उचला, लाज उचलू नका."

भगिनींनो, अशी गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती दुर्लक्षित राहते. वेळीच उपचार झाल्यास पुष्कळ रुग्ण बरे होतात. शंका येताच डॉक्टरांस दाखवावे, हीच काकूंस खरी श्रद्धांजली होय.