भातात साखर कुठे असते?

(मंडळाच्या कौटुंबिक सहलीत तिरुविसनल्लूर येथे केलेले भाषण)



आज आपण ज्या गावी जमलो आहोत, ते तंजावरच्या शहाजीराजांनी 1693 च्या सुमारास चाळीसांहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले. शाहजीराजपुरम् हे त्याचे दुसरे नाव. अशा विद्वानांच्या गावी माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या सरकारी नोकराने जीवरसायनावर बोलावे, हे धाडसच होय. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या मातोश्रींनी तो माझ्यावर सोपविला.

बदलीनिमित्त आम्ही तमिळनाडूत आलो, तेव्हा त्याही आमच्याबरोबर आल्या. पुढे त्यांना मधुमेह जडला आणि डॉक्टरांनी भात कमी करावयास सांगितले. "भातात साखर कुठे असते रे?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या माझ्या कन्येला उत्तर ठाऊक होते, पण ते इंग्रजीत. आजीला सांगू गेली की शब्दच सापडेनात. आपला घास मोजला जातो आहे, असा आजीचा समज झाला. ते मला फार लागले. मग मी कन्येलाच गुरू केले आणि तिच्याकडून शिकलेले मराठीत मांडू लागलो. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

सजीवांची शरीरे ज्या रेणूंनी घडतात व चालतात, त्यांचे मुख्य प्रकार चार: कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले.

भातातील पिष्ट हे कर्बोदक होय. ग्लुकोज नावाच्या साखरेचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले गेले की पिष्ट तयार होते. बालमित्रांनो, भाताचा घास बराच वेळ चावून पाहा. तो गोडसर लागेल, कारण लाळेतील एन्झाइम ती साखळी तोडू लागते. पुढे आतड्यात ग्लुकोज सुटे होऊन रक्तात उतरते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. मौज अशी, की भोवतालच्या शेतांतील पेंढ्यात असलेले सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले असते. सांधा मात्र निराळा. तो आपल्याला तोडता येत नाही, गाईच्या पोटातील सूक्ष्मजीवांना येतो. म्हणून दाणा आपला आणि पेंढा गाईचा!

तूप, तेल हे स्निग्ध पदार्थ. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे 4 किलोकॅलरी उष्णता मिळते, तर स्निग्धापासून सुमारे 9. म्हणून शरीर आपली शिल्लक चरबीच्या रूपात ठेवते. प्रत्येक पेशीचे दुपदरी आवरणही मुख्यतः स्निग्ध रेणूंचेच असते.

प्रथिने ही शरीरातील खरी कामकरी मंडळी. ती 20 प्रकारच्या ॲमिनो आम्लांची बनतात. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन हे 51 ॲमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन. त्वचा, हाडे व स्नायुबंध यांना बळकटी देणारे कोलाजेन हेही प्रथिनच. त्याची तीनपेडी रचना प्रा. गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठात उलगडली.

प्रौढ माणसाला यांपैकी 9 ॲमिनो आम्ले स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांतले लायसीन तांदळात कमी, पण डाळीत भरपूर असते. डाळीत जे उणे, ते तांदूळ भरून काढतो. आपले वरण-भात आणि येथील सांबार-भात, दोहोंतील शहाणपण एकच. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांनी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत संशोधन केले. स्त्री म्हणून 1933 मध्ये त्यांना तेथे प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी आग्रह सोडला नाही आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

राहिली न्यूक्लिइक आम्ले. त्यांतील डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरांत वारसा लिहिलेला असतो. भाताचे रोप, गाय आणि माणूस या तिघांची लिपी तीच. आजीचे नाक नातीला त्यातूनच मिळते.

पण आजीची भाषा त्यातून मिळत नाही. त्या नऊ आम्लांप्रमाणे ती रोज बाहेरूनच मिळावी लागते. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी सुमारे साडेतीनशे वर्षे ती घरात बोलून जपली. रक्तातून ती कुणालाच आलेली नाही. सणावारापुरती मराठी पुरेशी नाही. मुलांच्या अभ्यासाविषयी, आजाराविषयी, विज्ञानाविषयीही आपण तिच्यात बोलले पाहिजे.

सारे ऐकून घेतल्यावर मातोश्री म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंस!" त्या रात्री त्यांनी भाताची अर्धी मूद स्वतःच परत केली आणि नातीकडे वाटीभर वरण मागितले.