कमरेचा कसा : घामाचा पैसा घरापर्यंत

आम्ही सौंदडच्या बचत गटातल्या बाया बोलतो आहोत. आज आम्ही बोलणार आहोत प्रवासात पैसा कसा सांभाळायचा यावर. विषय लहान वाटेल, पण तो आमच्याकडे कसा आला ते ऐका, म्हणजे लहान वाटणार नाही.

आपल्या गावावरून हमरस्ता जातो आणि गोंदिया-बल्लारशाची रेल्वेही जाते. त्यामुळे आपलं जाणं-येणं फार. नवरात्रात डोंगरगडला, महाशिवरात्रीला प्रतापगडला, माघ पौर्णिमेला कचारगडला, दसऱ्याच्या वेळी नागपूरला दीक्षाभूमीवर. आणि धानाची कापणी-चुरणी झाली की कितीतरी बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. देवाला जाताना पैसा घरून निघतो. मजुरीहून येताना तो घराकडे येतो. दोन्ही वेळा तो बाईच्या अंगावरच असतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्याच गटातली एक मैत्रीण दीड महिना मिरची तोडून परत येत होती. चौदा हजार रुपये होते. ते तिनं एका पर्समध्ये ठेवले, पर्स कापडी थैलीत आणि थैली खांद्याला. हातात मिरचीचं पोतं. एका मोठ्या स्टेशनवर गाडीत चढताना गर्दी झाली, तिनं दोन्ही हातांनी पोतं वर चढवलं. दोन स्टेशनं गेल्यावर चहासाठी थैलीत हात घातला, तर हात थैलीच्या बुडातून बाहेर आला. कोणीतरी ब्लेड मारलं होतं.

त्या पैशात पोरीची फी होती आणि गटाच्या कर्जाचे दोन हप्ते होते. तीन दिवस तिनं घरी कोणालाच सांगितलं नाही. गटाच्या बैठकीला ती आली नाही, तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो आणि मग ती रडली. "मीच येडी," असं ती म्हणत राहिली. आम्ही तिला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, चोरी करणारा चोर असतो, जिचं गेलं ती बाई दोषी नसते. हप्ते गटानं पुढे ढकलले. पण चौदा हजार काही परत आले नाहीत.

त्यानंतर आम्ही एका बैठकीत दुसरं काहीच घेतलं नाही. प्रत्येकीनं सांगायचं, आपण पैसा कुठे ठेवतो. कोणी पदराच्या गाठीत, कोणी ब्लाउजमध्ये, कोणी डब्यात भाकरीच्या खाली. एक आजी म्हणाल्या, "आमच्या कनवटीनं कधी दगा नाही देला." आजींचं खरंच आहे. सुती लुगडं घट्ट नेसलं की कनवट पक्की बसते. पण आता आपण नेसतो ती साडी सुळसुळीत, खोचलेलं निसटतं. पोरी पंजाबी ड्रेस घालतात, त्याला ना कनवट ना खिसा. पुरुषांच्या कपड्याला चार-चार खिसे आणि आपल्याला एकही नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग आजींनीच आठवण काढली ती कशाची. जुने व्यापारी, यात्रेकरू कमरेला लांब कापडी पिशवी बांधत, तिला कसा म्हणत. आज शहरात, परदेशात प्रवासी तसाच पट्टा कपड्यांच्या आतून बांधतात. म्हणजे वस्तू नवी नाहीच. आम्ही ती शिवणयंत्रावर शिवली. तुम्हीही शिवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

कापड सुती घ्या, मांजरपाट किंवा जुन्या लुगड्याचं. घाम शोषतं आणि घसरत नाही. पाचशेची नोट साधारण सहा इंच लांब आणि अडीच इंचाहून थोडी रुंद असते. म्हणून खिसा आठ इंच लांब आणि पाच इंच उंच ठेवा, नोटा एक घडी घालून मावतील. कापड दुहेरी घ्या. मधून एक शिवण टाकून दोन कप्पे करा, एक नोटांना, एक आधार कार्ड आणि तिकिटाला. तोंडाला चेन लावा. चेन अंगाकडच्या बाजूला आली पाहिजे, बाहेरून नाही. दोन्ही बाजूंना रुंद पट्टी जोडा. बारीक नाडी कमरेला काचते, दिवसभर बसून प्रवास असला तर वळ उठतात. गाठ पुढे बाजूला मारा, पाठीमागे मारू नका, कारण पाठीमागची गाठ आपल्याला दिसत नाही. नोटा आधी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, म्हणजे घामानं ओल्या होणार नाहीत.

कसा परकराच्या आत बांधायचा, पोटावर, नाडीच्या जरा खाली. ड्रेस असेल तर सलवारच्या आत. बांधून घरातच एकदा खाली बसा, वाका, पायऱ्या चढा. वर सरकत असेल किंवा बाहेरून फुगलेला दिसत असेल तर दुरुस्त करा. त्यात मोबाइल कोंबू नका, चिल्लर भरू नका. पाचशेच्या वीस नोटा म्हणजे दहा हजार, त्या कळतही नाहीत. म्हणून निघण्याआधी सुट्या नोटा देऊन मोठ्या करून घ्या.

आता वापरायचं कसं. कसा ही तिजोरी आहे, बटवा नाही. दिवसभराचा खर्च, तिकीट, चहा, रिक्षा, यासाठी दोन-तीनशे रुपये वेगळ्या लहान पाकिटात हाताशी ठेवा. चारचौघांत कसा उघडायचा नाही. लागलेच तर संडास-बाथरूममध्ये जाऊन काढा आणि लगेच पाकिटात टाका. आणखी एक खोड आपल्या सगळ्यांना आहे. "खिसेकापूंपासून सावधान" असं कोणी म्हटलं की आपला हात आपोआप पैशावर जातो. पाहणाऱ्याला तेवढंच पाहिजे असतं. हात लावून पाहू नका. यात्रेत नदीवर आंघोळीला उतरताना सगळ्यांचे कसे काठावर कपड्यांखाली ठेवू नका. दोघी-तिघींनी काठावर थांबायचं, बाकीच्यांनी जायचं, मग पाळी बदलायची. चढता-उतरताना सामान एकीनं वर घ्यायचं, एकीनं खालून द्यायचं आणि तिसरीनं फक्त लक्ष ठेवायचं. आमच्या मैत्रिणीजवळ ती तिसरी बाई नव्हती.

पण आम्ही असंही सांगतो की कसा हा शेवटचा उपाय आहे. आधी विचारा, एवढा पैसा अंगावर बाळगायची गरज आहे का? मजुरीला जाताना ठरवूनच घ्या की हिशेब झाला की पैसे खात्यावर टाकायचे. जनधन खातं 2014 पासून आहे, बहुतेकींचं आहे. आधार जोडलेल्या खात्यातून गावातल्या बँक मित्राकडे किंवा पोस्टमनकडे अंगठा लावून पैसे काढता येतात. अंगठा लावल्यावर पावती घ्या आणि रक्कम वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. कार्ड जवळ असेल तर त्याचा पिन चिठ्ठीवर लिहून कशात ठेवू नका, कसा गेला तर दोन्ही जाईल. दागिने शक्यतो घरी ठेवा. काळ्या मण्यांची साधी पोत घातली तरी सौभाग्य कमी होत नाही.

आणि एवढं करूनही काही गेलंच तर? आमची मैत्रीण गप्प बसली, कारण तिला वाटलं तक्रार द्यायला त्याच स्टेशनवर परत जावं लागेल. तसं नाही. चालत्या गाडीत तिकीट तपासनीस, गार्ड किंवा रेल्वे पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मागता येतो, प्रवास सोडावा लागत नाही. रेल्वेची मदत 139 वर मिळते, पोलिसांची 112 वर. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. नोंदवलेल्या माहितीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. कार्ड गेलं तर आधी बँकेला फोन करून ते बंद करा. ऑनलाइन पैसे कोणी काढले तर 1930 वर लगेच कळवा. हे नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण एका कागदावर लिहून प्रत्येकीजवळ द्या, कारण मोबाइलही चोरीला जातो.

आणि कोणी धाक दाखवून मागितलंच तर जीव धोक्यात घालू नका. कसा पुन्हा शिवता येतो, पैसा पुन्हा कमावता येतो.

आमची ती मैत्रीण यंदा पुन्हा मिरचीला गेली होती. निघताना तिनं स्वतः शिवलेला कसा बांधला आणि सोबतच्या चौघींनाही शिवून दिला. मजुरीतले बरेचसे पैसे तिनं खात्यावर टाकून घेतले, थोडे कशात आणले. सौंदडला उतरली आणि घरी जायच्या आधी गटाच्या अध्यक्षाबाईकडे आली, दाराआड जाऊन कसा सोडला आणि हप्ता मोजून दिला. नोटा थोड्या घामेजलेल्या होत्या. प्लास्टिकची पिशवी घालायला विसरली होती. आम्ही खूप हसलो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारा, कोण पैसा कुठे ठेवते? आणि जिचं कधी काही गेलं असेल, तिला आधी बोलू द्या.