गर्भाचे पितृत्व आणि बोटांवरचा हिशेब
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय पत्रिकेवर छापताना चिटणीसबाईंना जरा संकोच वाटला, हे त्यांनीच मला सांगितले. पण ज्या गोष्टीची कुजबूज माजघरात चालते, ती एकदा चारचौघींत बसून नीट बोलून टाकावी, अशा मताची मी आहे.

माझ्या दवाखान्यात एक नवी नवरी सासूबाईंबरोबर आली. लग्नाला सहा आठवडे झाले होते आणि सोनोग्राफीच्या कागदावर लिहिले होते, ‘आठ आठवडे’. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मुलगी रडवेली झालेली. नवरा बाहेर बाकावर बसून होता. तो आत यायलाच तयार नव्हता.

आता यात झाले होते काय? गर्भाचे आठवडे गर्भ राहिल्या दिवसापासून मोजतच नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस बाईला ठाऊक असतो, दुसरा नसतो. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते. म्हणजे कागदावरच्या आठ आठवड्यांतले पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नव्हताच! सोनोग्राफीचे यंत्र गर्भाची लांबी मोजते आणि हाच हिशेब लावून आकडा देते. त्यातही पाचसात दिवस इकडे तिकडे होतात. मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर पसरली, सासूबाईंच्या हाती पेन्सिल दिली आणि त्यांनाच मोजायला लावले. त्यांनी दोनदा मोजले. मग दारात जाऊन मुलाला म्हणाल्या, “आत ये रे गाढवा.”

सगळ्याच जणींचे असे निभत नाही. नवरा बोटीवर किंवा पलटणीत, रजेवर येऊन गेलेला. मूल तारखेच्या तीन आठवडे आधी जन्मले की शेजारच्या बायका बोटे मोजायला लागतात. आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतो खरे, पण ३७ आठवडे पुरे झाल्यावर जन्मलेले मूलही पुऱ्या दिवसांचेच, आणि कधी ४२ वा आठवडाही उजाडतो.

उलट बाजूही सांगते. तारखांवरून बाप ठरत नाही. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. सोनोग्राफी काळ सांगते, माणूस सांगत नाही.

मग रक्तगट? त्याने एखादा पुरुष बाप नाही असे कधी कधी म्हणता येते. तोच बाप आहे असे मुळीच म्हणता येत नाही. आई ‘ए’, बाप ‘बी’ आणि मूल ‘ओ’, यावरून घरात भांडण झालेले मी पाहिले आहे, आणि ते अगदी निष्कारण, कारण असे मूल होऊ शकते. ‘नाही’ म्हणतानाही जपावे लागते. १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे यांनी एक दुर्मिळ रक्तगट शोधून काढला. त्याला जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. अशी व्यक्ती साध्या तपासणीत ‘ओ’ दिसते, पण तिच्यात ‘ए’ किंवा ‘बी’ लपलेला असू शकतो आणि मुलात उतरतो. नुसत्या रक्तगटावर विसंबणारा तेथे निर्दोष बाईला दोषी ठरवील.

खरा पुरावा डीएनएचा. इंग्लंडात १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांनी ही ओळख पटवण्याची रीत शोधली. मूल जन्मल्यावर गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की काम होते. जन्माआधी करायचे तर वारेचा बारीक तुकडा किंवा गर्भजल सुईने काढावे लागते, त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. १९९७ साली डेनिस लो यांनी आईच्या रक्तातच बाळाचे डीएनए सापडते हे दाखवले. त्यामुळे काही देशांत आता आईच्या दंडातले रक्त आणि पुरुषाचा नमुना एवढ्यावर भागते.

आपल्याकडे मात्र १९९४ च्या कायद्याने गर्भाची तपासणी ठरावीक आजार व व्यंगे शोधण्यापुरतीच करता येते. पितृत्व त्या यादीत नाही. गर्भजल परीक्षेने मुलींचे काय केले ते पाहूनच महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला असा कायदा केला होता. मला विचाराल तर हे बंधन बरेच आहे. तिसऱ्या महिन्यात संशयाचे उत्तर हाती मिळाले, तर त्या बाईला कोणत्या दारात ओढत नेतील हे सांगायला नको.

कोर्ट काय म्हणते तेही ऐका. विवाह कायम असताना, किंवा तो संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरे लग्न केलेले नसताना, जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ११२ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तेच कलम ११६ आहे. त्या काळात नवराबायकोचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे दाखवावे लागते. नुसता संशय चालत नाही. नवऱ्याने मागितली म्हणून तपासणीचा हुकूम सरसकट देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये मुलाची बाजू घेऊन पुन्हा सांगितले. २०१४ मध्ये मात्र डीएनएचा निकाल आधीच समोर होता, तेव्हा तोच खरा मानला. म्हणून एखादीने रागाच्या भरात “करा तपासणी!” म्हणण्याआधी वकिलाला विचारावे.

आणि ज्यांना नवऱ्याचे नाव लावायचेच नाही, अशा अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता मुलाची पालक होता येते, असा निकाल २०१५ मध्ये झाला आहे.

आता प्रश्न विचारावेत. उभे राहून विचारणे अवघड वाटेल त्यांनी चिठ्ठीवर लिहून टेबलावरच्या डब्यात टाकावे. नाव लिहिण्याची गरज नाही. आणि कोणाला सोनोग्राफीचा कागद दाखवायचा असेल तर चहानंतर मी अर्धा तास आतल्या खोलीत बसणार आहे. दिनदर्शिका बरोबर आणली आहे.